भारमान कमी म्हणून

प्रति,
एसटीला राज्याच्या तिजोरीतून किती द्यायचं आणि किती नाही हे ठरवणाऱ्या सर्वांना,



मी एका माध्यमिक शाळेत शिकवते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, एका खोऱ्याच्या तोंडाशी आमची शाळा आहे. वरच्या अंगाला वाड्या आहेत, दोन धनगरवाडे आहेत. तिथली मुलं चौथीपर्यंत वाडीतल्या शाळेत शिकतात आणि पाचवीपासून आमच्याकडे येतात. त्यांना घेऊन येणारी सकाळची एसटी तुम्ही बंद केलीत. त्याबद्दल हे पत्र आहे.

गाडी आगाराने बंद केली, मग आम्हाला का बोलता, असं तुम्ही म्हणाल. मी आगारात जाऊन आले. तिथल्या माणसांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि जे होतं ते सरळ सांगितलं. "बाई, गाड्याच नाहीत. आहेत त्या लांब पल्ल्याला लावायच्या असं वरून आहे. तुमच्या फेरीला भारमान नाही." सांगणाऱ्याचा चेहराही ओढलेला होता. एप्रिल २०२५ मध्ये याच लोकांच्या हातात मार्चचा पगार म्हणून जेमतेम छप्पन्न टक्के रक्कम पडली होती, कारण सरकारकडून यायचा तेवढा पैसा आला नव्हता. ज्याला स्वतःच्या घरभाड्याची चिंता आहे त्याच्याशी मी आमच्या फेरीसाठी कशी भांडू? म्हणून मी त्याच्या डोक्यावरून तुम्हाला लिहिते आहे.

सगळ्यात आधी मला एक गोष्ट बोलायची आहे, कारण तीच जास्त लागली आहे. गाडी बंद झाल्याचं आम्हाला कोणी कळवलं नाही. वीज जाणार असेल तर मोबाइलवर संदेश येतो. रेशनचं धान्य उशिरा येणार असेल तर दुकानदार पाटीवर लिहितो. आमची गाडी बंद होताना ना ग्रामपंचायतीला पत्र आलं, ना शाळेला. पोरं नेहमीसारखी थांब्यावर येऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी वाटलं, गाडी पंक्चर झाली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, चालक रजेवर असेल. पावसाळ्याचे दिवस, थांब्याचं छप्पर कधीच उडालेलं. मुलं उभी राहत होती आणि परत जात होती. शेवटी खालून दूध घ्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं की आता ही गाडी यायची नाही. एका अख्ख्या खोऱ्याला आपली एसटी गेल्याचं टेम्पोवाल्याकडून कळावं, इतके का आम्ही बिनमहत्त्वाचे आहोत?

आता भारमानाबद्दल. हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाला आहे, कारण प्रत्येक अर्जाचं उत्तर त्यावरच येऊन थांबतं. गाडीतल्या जागांच्या मानाने किती उतारू बसले आणि किलोमीटरमागे किती रुपये आले, याचा हिशोब फेरीनुसार निघतो. आमची सकाळची गाडी सहाला खालून निघायची, वर जाताना रिकामीच जायची, कारण त्या वेळी खोऱ्यात वर कोणाला जायचं असतं? सव्वासातला ती वरून सुटायची ती भरून यायची. म्हणजे निम्मे किलोमीटर रिकामे. उरलेल्या निम्म्यांत मुलं. मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत मासिक पास आहे. वाहकाच्या मशीनमधून रोखीचं तिकीट निघायचं ते बाजाराला जाणाऱ्या दोन-चार बायांचं आणि तालुक्याला दवाखान्यात निघालेल्या एखाद्या म्हाताऱ्याचं. तुमच्या कागदावर ही गाडी रिकामी धावत होती.

मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून ती गाडी पाहिली आहे. दारापर्यंत पोरं असायची. मागची दप्तरं डोक्यांवरून पुढे पुढे सरकत यायची आणि पुढच्या बाकावर बसलेल्या मुलींच्या मांडीवर त्यांचा ढीग व्हायचा. वाहक एक पाय पायरीवर ठेवून दोरी ओढायचा. उतरताना पोरं त्याला "काका, येतो" म्हणायची आणि तोही कोण आलं नाही ते ओळखायचा: "आज मधल्या वाडीची जोडी नाही, ताप आलाय का?" माझ्या हजेरीआधी त्याची हजेरी झालेली असायची. ह्याचं भारमान कुठल्या रकान्यात लिहिता?

त्या गाडीतून काय काय जायचं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे जायचे. आया पहाटे उठून भाकरी थापायच्या, कोरड्यास वेगळ्या पुडात, वर फडक्याची गाठ, गाठीत नावाची चिठ्ठी. डबे चालकाच्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर रांगेत बसायचे आणि तालुक्याच्या स्थानकावर पोरं ते उचलून न्यायची. संध्याकाळच्या गाडीने रिकामे डबे परत. त्या डब्यांवर या खोऱ्यातली किती पोरं शिकली, पोलीस झाली, नर्स झाली. खाणावळीचे महिन्याचे पैसे ज्यांच्या घरात नव्हते त्यांची ही सोय होती, आणि ती कुठल्याही योजनेत लिहिलेली नव्हती. गाडी थांबली तसे डबे थांबले. यंदा दोघा मुलांनी अकरावी अर्ध्यावर सोडली. खोली भाड्याची, वर खाणावळ, दोन्ही झेपेना. त्यातला एक आता पुण्याजवळ एका गोदामात खोकी उचलतो. हुशार होता. गणितात मी त्याला शिकवलं आहे.

गाडीतून मेथीच्या जुड्या आणि तांदळाची पायली जायची, बाजाराच्या दिवशी. शुगरच्या गोळ्या आणायला सांगितलेली चिठ्ठी वाहकाच्या खिशातून जायची. पोस्टाची थैली जायची. दवाखान्यातून आलेली बाळंतीण कापसाच्या कानटोपीतल्या बाळाला घेऊन पुढच्या बाकावर बसून यायची आणि चालक त्या दिवशी खड्डे चुकवत हळू आणायचा. तिकिटाच्या पैशांत हे बसत नाही हे मलाही कळतं. पण म्हणून ते नव्हतंच असं कसं धरता?

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. त्यानंतर गाव तिथे रस्ता आणि रस्ता तिथे एसटी असं या राज्याने म्हटलं, आणि बरीच वर्षं ते पाळलंही. आमच्या खोऱ्यात गाडी आली तेव्हा रस्ता मुरमाचा होता. बोनेटला हार घातले होते, वाड्यांतल्या बायांनी गाडीला ओवाळलं होतं, हे मी म्हाताऱ्यांकडून ऐकलं आहे. पुढे मुक्कामी गाडी सुरू झाली. रात्री यायची, देवळाच्या पटांगणात उभी राहायची, चालक-वाहक शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचे. गावात त्यांच्या जेवणाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. थंडीत त्यांना आंघोळीला गरम पाणी कोणाच्या घरून जायचं, यावरून बायांत लटकी भांडणं व्हायची. रात्री कोणाला साप चावला, कोणाचं पोट दुखायला लागलं, तर चालकाला उठवायचे. नियमात बसत नाही म्हणून तो झोपून राहिला असं एकदाही घडलं नाही, असं वाडीतले लोक अजून सांगतात. महामंडळाचं आणि आमचं नातं हे असं होतं. म्हणून माझी तक्रार एसटीवर नाही. एसटी आमची आहे. तिची उपासमार कोणी केली, हे मला विचारायचं आहे.

मुक्कामी गाडी टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये थांबली आणि परत आली नाही. त्या काळात एसटीने काय केलं हे तुम्ही विसरलात का? राजस्थानात कोट्याला अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणायला धुळ्याहून गाड्या गेल्या. पायी निघालेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत याच लाल गाड्यांनी सोडलं. मुंबईत रेल्वे बंद असताना दवाखान्यातल्या माणसांना कामावर पोचवायला खेड्यापाड्यांतल्या आगारांतून चालक-वाहक गेले आणि त्यातले काही आजार घेऊन परतले, काही परतलेच नाहीत. जगायला पैसा नव्हता तेव्हा महामंडळाने बाकं काढून गाड्यांतून मालही वाहिला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कर्मचारी संपावर गेले ते एप्रिल २०२२ पर्यंत. त्यांची मागणी होती की आम्हाला शासनात घ्या. आंध्रने १ जानेवारी २०२० पासून आपल्या परिवहन कर्मचाऱ्यांना शासनात घेतलं होतं. इथे ते झालं नाही. त्या महिन्यांत किती कर्मचाऱ्यांनी जीव दिला, त्याच्या बातम्या आम्ही वाचत होतो. आमच्या ओळखीचे वाहक त्या संपात होते आणि आमची मुलं त्या महिन्यांत चालत शाळेत येत होती. दोघांचंही खरं होतं. मी कोणाला दोष देऊ?

संप मिटल्यावर गाड्या सुरू झाल्या, पण सगळ्या नाही. करोनाआधी महामंडळाकडे अठरा हजारांवर गाड्या होत्या, नंतर त्या पंधरा हजारांच्या आसपास उरल्या, आणि त्यांतल्या कितीतरी रस्त्यात बंद पडणाऱ्या आहेत. वर्षानुवर्षं नव्या गाड्यांसाठी पुरेसा पैसा आला नाही. मग भाड्याने गाड्या घ्यायच्या ठरल्या. ५,१५० विजेच्या गाड्या येणार असं आम्ही पेपरात वाचलं, त्या वेळेवर आल्या नाहीत. आगारात पन्नासच्या जागी चाळीस गाड्या असल्या तर आगारप्रमुख दहा कुठून कापणार? पुणे-मुंबईची कापणार नाही, तिथे रोख येते. तो आमची कापणार. मग एक फेरी गेली की लोकांचा भरवसा जातो. जाताना गाडी आहे पण येताना नाही, असं झालं की माणूस जातानाही एसटीने जात नाही. मग दुसऱ्या फेरीचंही भारमान घसरतं, आणि तीही जाते. आमच्याकडे आधी मुक्कामी गेली, मग दुपारची, मग संध्याकाळची, आणि सगळ्यात शेवटी ही सकाळची. तुम्ही गाडी कमी करून उतारू घालवलेत आणि मग उतारू नाहीत म्हणून गाडी घालवलीत.

महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, असं सरकारच्याच श्वेतपत्रिकेने २०२५ साली सांगितलं. आकडा मोठा आहे, मी त्याला लहान म्हणत नाही. पण तोटा म्हणताना हेही सांगा की एसटीच्या तिकिटावर राज्य साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं. डिझेलवर कर घेतं. नाक्यांवर पथकर भरावा लागतो. २५ जानेवारी २०२५ पासून तिकीट जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तो कर भरणारी आमची बाजारहाट करणारी बाईच वाढीव कर भरते आहे. तिच्याकडून कर घ्यायचा आणि तिची गाडी तोट्यात म्हणून काढून घ्यायची, हे कुठल्या न्यायाने?

मुंबईत साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला ३७ हजार कोटींच्या वर खर्च झाला. मुंबईकरांना ती मेट्रो हवी होती, लोकलच्या गर्दीत माणसं मरतात, मला त्यांचा हेवा वाटत नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला, तोही असू दे. पण त्या मेट्रोला पहिल्याच वर्षी कोणी विचारलं नाही की तुझं भारमान किती. महामार्गाला कोणी म्हटलं नाही की पहाटे तुझ्यावर गाड्या कमी असतात, तर पहाटे तुला बंद ठेवू. तिथे पैसा ओतला की त्याला गुंतवणूक म्हणतात. आमच्यासाठी एक जुनी लाल गाडी दिवसातून दोनदा पाठवायची म्हटलं की तो तोटा होतो. आमच्या पोरांवरचा खर्च तुम्हाला बुडीत वाटतो, असाच याचा अर्थ होतो, आणि या विचाराने मला झोप लागत नाही.

सवलतींबद्दलही बोलते, कारण त्यांचे फलक आमच्या फाट्यावरही लागले होते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही निर्णय चांगले आहेत, त्यांनी लांबच्या बायका माहेरी जायला लागल्या, म्हातारी माणसं पंढरपूरला जाऊन आली. वरच्या वाडीतल्या एक आजी आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या चंचीत ठेवतात. गाडीत बसल्या की चंची सोडून कार्ड काढायचं, वाहकाला दाखवायचं, पुन्हा घडी घालून ठेवायचं. या गोष्टीचा त्यांना फार मान वाटायचा. आता तालुक्याला डोळे दाखवायला जायचं तर वडापच्या खासगी जीपला जाताना तीस आणि येताना तीस रुपये मोजावे लागतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं आहे. "सरकारनं फुकट क्येलंय न्हवं, मग गाडी का काढली?" असं त्यांनी मला विचारलं. मी शिक्षिका आहे, लोक माझ्याकडे उत्तरासाठी येतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वडापवाल्यांना मी वाईट म्हणत नाही. ती आमच्याच गावची पोरं आहेत, कर्ज काढून जीप घेतली आहे, हप्ता फेडायचा आहे. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तिथे पास चालत नाही, आणि पाच वाजल्यानंतर वर जायला ती तयार नसते. नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा-सोळा बसतात, मागच्या पायरीवर पोरं उभी असतात. मुलींनी त्यात कसं बसायचं? नववीतली एक मुलगी येईनाशी झाली म्हणून मी तिच्या घरी गेले. वडील गोठ्यात होते. हात धुऊन बाहेर आले, मला पाट दिला, आणि म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय ह्ये मला ठावं हाय. पर वडापात मागं लोंबकळत तिला धाडू का? आन् रोजचं साठ रुपयं कुठनं आणू? तिची आई दिसभर भांगलून तीनशे आणती, ते बी काम असलं तर." मुलगी आतल्या दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एसटीत बसून तिचं शिक्षण फुकट होत होतं. एसटी गेल्यावर तेच शिक्षण महिन्याला पंधराशे रुपयांचं झालं. एवढा साधा हिशोब आहे, आणि त्यात मुलीचं नाव कटतं, मुलाचं नाही. मुलाला सायकल घेऊन देतात, नाहीतर तो चालतो. मुलीला रानातल्या वाटेने एकटी धाडायला कोणी धजत नाही, आणि मी त्यांना धाडा म्हणू शकत नाही. आमच्या पटावर वरच्या वाड्यांतल्या मुली अजून आहेत. हजेरीत नाहीत. वय भरलं की त्यांची लग्नं जमतील, काहींची वय भरण्याआधीच, आणि तेव्हा बालविवाह रोखा असं पत्रक तुम्ही आम्हालाच पाठवाल.

२०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या एका विद्यार्थिनीने एसटीच्या पासाला घरात पैसे नाहीत म्हणून जीव दिला होता. तेव्हा राज्य हळहळलं, दुष्काळी भागातल्या मुलांना पास मोफत झाले. मुलगी आणि शाळा यांच्यामध्ये एसटी असते, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं. मग आता का कळत नाही?

दुसरीकडून शिक्षण खात्याचंही ऐका. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. मुलांना वाहनाने आणू, असं सांगितलं. आमच्या खोऱ्यात अशा शाळा आहेत, त्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहेच. म्हणजे पट कमी म्हणून शाळा लांब न्यायची आणि भारमान कमी म्हणून गाडी बंद करायची. दोन वेगळ्या खात्यांचे दोन कागद आहेत, पण ते एकाच पोराच्या पाठीवर येऊन पडतात.

अजून एक दुखणं आहे. सकाळची गाडी चालू होती तेव्हाही ती मधूनमधून यायची नाही. आषाढीला पंढरपूरला हजारो जादा गाड्या जातात, गणपतीला कोकणात जातात. त्या दिवसांत गाडी आली नाही तर आम्ही कुरकुर केली नाही. माउलीच्या वाटेवर आमचीही माणसं असतात. पण सरकारी कार्यक्रमाला लाभार्थी न्यायचे म्हणून गाड्या गेल्या आणि त्या दिवशी घटक चाचणीला निम्मा वर्ग गैरहजर होता, हे मी कसं विसरू? सभेला माणसं न्यायला गाडी मिळते, तिचे पैसे कुठूनतरी भरले जातात. शाळेला पोरं आणायला मिळत नाही.

मार्ग नाही असं म्हणू नका, कारण तो तुम्हीच एकदा काढला आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी निळ्या गाड्या दिल्या. चालवते एसटी, पण गाड्यांचा आणि त्या चालवण्याचा पैसा कार्यक्रमाच्या निधीतून येतो. आगाराला ती फेरी ओझं वाटत नाही. आमचा तालुका त्या यादीत नाही, कारण तालुक्याच्या खालच्या अंगाला ऊस आहे, कारखाना आहे, आणि सरासरी काढली की आमची वाडी त्या उसात दिसेनाशी होते. माझं मागणं तेवढंच आहे: ज्या फेऱ्यांवर शाळा, दवाखाना आणि बाजार अवलंबून आहे, त्यांचा खर्च अर्थसंकल्पात वेगळा दाखवा, किलोमीटरमागे जे कमी पडेल ते राज्याने महामंडळाला आगाऊ द्यावं, आणि त्या फेऱ्या आगाराच्या नफ्या-तोट्यात धरू नका. १९५० च्या कायद्याने महामंडळाला व्यवसायाच्या तत्त्वावर चालायला सांगितलं आहे. मग व्यवसायात न बसणारी सेवा ज्याला हवी त्याने तिचे पैसे मोजावेत. ती सेवा राज्याला हवी आहे का, हे एकदा स्वच्छ सांगा. नको असेल तर तेही विधानसभेत उभं राहून सांगा, म्हणजे आम्ही पोरांना खोटी आशा दाखवणार नाही.

मोठी गाडीच हवी असंही आमचं म्हणणं नाही. घाटाच्या वळणावर ती अडते हे आम्हालाही दिसतं. लहान गाडी द्या. दोन फेऱ्या द्या, सकाळी सातच्या सुमारास खाली आणि संध्याकाळी साडेपाचनंतर वर. संध्याकाळची नसेल तर सकाळचीही देऊ नका, कारण परतीची सोय नसेल तर मुली येणार नाहीत आणि तुम्ही पुन्हा भारमान दाखवाल. आणि पुढे कधी फेरी बंद करायचीच झाली, तर आधी ग्रामसभेसमोर या, कारण सांगा, आमचं ऐका.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. वरच्या वाड्यांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलामुलींची वाडीवार यादी मी केली आहे. कोणाचा पास कुठपर्यंतचा होता, कोण येणं थांबलं, कोण नातेवाइकांकडे राहून शिकतंय, सगळं त्यात आहे. मुख्याध्यापकांच्या सहीने ती आगाराला दिली आहे, तालुक्याला दिली आहे, पोच माझ्याकडे आहे. तुम्ही मागितलीत तर तुम्हालाही पाठवते. या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं तर मला वेगळं पाठवू नका. ग्रामपंचायतीच्या नावाने पाठवा आणि तिथल्या फलकावर लावायला सांगा. जूनच्या आत लागलं पाहिजे, कारण मुलीला पुढे शाळेत धाडायचं की नाही, हे वाड्यांतली घरं तेव्हाच ठरवतात.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका